पाटलाचं रिकामं शेत

सेराफिना आणि तिची जाऊ क्लारा भाताची बेणणी करीत, तण उपटत होत्या. अंधेरीच्या टेकडीमागं तेव्हा अजून शेती होती. कारखान्यांचे भोंगे ऐकत भात वाढायचं. तेवढ्यात बांधावरून एक परका माणूस मोजायची फीत घेऊन आला. मागं एडवर्ड पाटलाचं काळं कुत्रं. फादरलासुद्धा चावलेलं ते कुत्रं, या माणसाच्या पायात शेपूट हलवत घोळत होतं.

"क्लारा, बघितलंस? कुत्रं वळखतं त्याला."

"गप गं! कंपनीला जमीन कुनी इकायची न्हाय म्हणून पाटलानंच क्रुसावर हात ठेवला ना?"

ते खरंच होतं. त्या दिवशी पाटलामागं पहिली उभी राहिली ती सेराफिनाच. पण आता मनात कुसळ शिरलं होतं. घरी जाताना ती मुद्दाम पाटलाच्या शेतावरून गेली. तिथं लावणीच नव्हती. गुडघाभर गवत.

पुढं पाटील आपल्या घराच्या ओट्यावर बसला होता.

"पाटील, यंदा लावणी कनाला न्हाय केली?"

"मजूर कुठं मिळतात? सगळे कंपनीत."

"मना हाक मारायची. नवरा गेला तवा माझं शेत तुमीच लावून दिलंत. मी आले नसते?"

पाटील माडाच्या शेंड्याकडं बघू लागला. "तुला म्हणायचंय काय?"

"काय न्हाय. ज्याला कापायचं नसतं, तो लावत न्हाय."

"बायकांनी यात पडू नये," पाटील म्हणाला. पण नजर काही त्यानं खाली आणली नाही.

ऑक्टोबरात आगेऱ्याचा सण आला. नव्या भाताची पहिली पेंढी पाटलानं कापायची आणि वाजतगाजत फादरच्या देवळात न्यायची, ही बापजाद्यांची रीत. पण पाटलाच्या शेतात गवतच. म्हणून तो नवा कोट घालून, बाजा घेऊन सेराफिनाच्या बांधावर आला. फादर आणि सगळं गाव मागं.

"विळा दे गं."

सेराफिनानं विळा लुगड्याला पुसला. दिला नाही.

"ज्यानं लावलं, तो कापील."

बाजा थांबला. ती वाकली, मूठभर कणसं कापली, पेंढी बांधून फादरच्या हातात दिली.

"बाई तापलीय," पाटील हसला. दुसरं कुणी हसलं नाही. तो मान फिरवून निघाला, जवळची वाट म्हणून उभ्या भातातूनच.

आजवर पाटलापुढं मान वर न केलेली क्लारा मागून बोलली,

"एडवर्ड, बांधावरून जा. खाली पीक हाय."

पाटील थबकला. उचललेला पाय मागं घेऊन तो बांधावर चढला.