सुटलेले ठिपके

ऑफिसात तिला सगळे ठिपकेवाली म्हणत. कामच तसं होतं. तुरुंगांनी पाठवलेल्या नोंदी भरून कोर्टं आणि तुरुंग कॉम्प्युटरच्या पडद्यावर खोटेखोटे चालवून बघायचे, म्हणजे खऱ्या जगात तारांबळ उडायला नको. एक ठिपका म्हणजे खटल्याची वाट बघणारा एक कच्चा कैदी. आत असेतो लाल, सुटला की हिरवा. त्या लालांत तिचा सख्खा मामाही होता. मारामारीत कुणाचं तरी डोकं फुटलं म्हणून आत गेलेला, आणि दम्याने बेजार. ऑफिसात तिने हे कुणाच्या कानावर घातलं नव्हतं.

मामाच्या तुरुंगाचं उत्तर मात्र नवलाचं आलं. तिथलं एक कोर्ट बंद केलं तरी पडद्यावर गर्दी वाढेना. उलट दवाखान्याच्या बराकीतले ठिपके पटापट हिरवे होत. साहेब खूश झाले. "आपोआप सुटतायत, मग कोर्ट कशाला पोसायचं?" म्हणाले. तिच्या सहीनिशी ते कोर्ट दुसरीकडे हललं, मामाची तारीख पुढे गेली. गणित खोटं बोलत नाही, असं तिने मनाला समजावलं.

पण ते हिरवे ठिपके तिची पाठ सोडेनात. जेवताना ताटात दिसत, डोळे मिटले तर पापण्यांच्या आत. शेवटी तिने एकाच ठिपक्याचा माग काढला. बराक, खाट, आणि मग थेट बाहेर. ना सुनावणी, ना जामीन. दार न उघडताच माणूस गेला होता.

तिने तुरुंगातल्या कारकुनाला फोन लावला.

"तुमच्या नोंदींत दवाखान्यातले हे एवढे सुटलेले, त्यांना सोडलं कुणी?"

"सोडणार कोण, ताई? मेले हो ते," कारकून म्हणाला. "आमच्याकडे तसंच भरतात, सुटला म्हणून. वाईट शब्द कशाला लिहायचा?"

कोर्ट नाही म्हणून माणसं आतच मरत होती, आणि तिचं शहाणं यंत्र त्यालाच सुटका समजत होतं. ती धावत साहेबांकडे गेली.

"कोर्ट परत आणा, साहेब. ते सुटत नाहीयेत, मरतायत. माझा मामा आहे तिथे."

साहेबांचा चेहरा उतरला. माणूस वाईट नव्हता. त्यांनी तिच्यादेखत चार ठिकाणी फोन फिरवले. "सोमवारपासून कोर्ट बसेल," म्हणाले.

ती जागेवर येते न येते तोच आईचा फोन. आई रडत होती. पण आई काय, आनंदातही रडतेच.

"सुटला गं तुझा मामा."

क्षणभर, अगदी क्षणभर, तिला खरोखर आनंद झाला.

"कधी सोडलं? घरी आलाय?"

पलीकडे आईने नाक ओढलं.

"अगं, सुटला म्हणजे... सुटला बिचारा. किती धाप लागायची त्याला."

समोरचा पडदा चालूच होता. बराकीतला आणखी एक ठिपका हिरवा झाला.