चालून दाखवा

बायना माझी धाकटी बहीण. लहानपणी आलेल्या तापात तिचा डावा पाय अधू झाला. लुळ्यापांगळ्यांना सरकार मदत देणार, पण आधी डॉक्टरांचा दाखला पाहिजे, असं पटवाऱ्याने सांगितलं. सगळा गाव तिला रोज लंगडताना बघतो, मग कागद कशाला, म्हणून मी त्याच्याशी भांडलो. शेवटी निमूटपणे तिला परभणीच्या दवाखान्यात घेऊन गेलो.

"चालून दाखवा," डॉक्टर म्हणाले.

बायनाने पदर सारखा केला, नजर खाली घातली आणि दातांवर दात रोवून चार पावलं अशी चालली की पायाचं अधूपण कळूसुद्धा नये. वीस वर्षांपूर्वी तिला बघायला आलेल्या नऊ स्थळांपुढे ती अशीच चालली होती. आईनेच तसं शिकवलेलं. नऊही स्थळांनी नकार दिला, पण ती चाल तिच्या अंगात राहिली.

"बरं चालतात की," म्हणत डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

मी बाहेर व्हरांड्यात गेलो आणि तिथून हाक मारली, "बायने, चल लवकर. मानवतची गाडी सुटायलीय."

ती घाईघाईने लंगडत माझ्याकडे आली. डॉक्टर मागून बघत होते. त्यांनी पेन पुन्हा उचललं आणि दाखला लिहून दिला.

स्टेशनच्या वाटेवर तिने हळूच विचारलं, "दादा, डॉक्टरसमोर नीट चालले ना मी?"

मी दाखला खिशात आणखी खोल सारला.

"लय सरळ चाललीस," मी म्हणालो.