मुद्दाम चुकलेले शब्द

रविवारची न्याहारी उरकली होती, आणि त्या घरात मठ्ठ होण्याचा सराव चालला होता.

बाप दहा शब्द वाचून दाखवायचा. कोपर, गालिचा, वाळू, टपाल, असे साधेच. मुलीने ते ऐकून परत सांगायचे. पण सगळे नाही, चार-पाचच. मुलीला घरीदारी सगळे भिंगरी म्हणत, कारण पाय फुटल्यापासून ती एका जागी कधी ठरलीच नव्हती. वय पंधरा, आणि डोकं असं की दहाच्या दहा शब्द उलट्या क्रमानेसुद्धा म्हणून दाखवायची. चारावर थांबणं तिला जमेना. ती मध्येच खुदकन हसायची.

“अगं, अडखळ जरा,” बाप म्हणाला. “एवढी हुशारी दाखवशील तर पुढे आपल्याच अंगाशी येईल.”

“मला येतात शब्द, तर मी काय करू?”

आई भांडी पुसत होती. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ती नळांचे नकाशे काढायची. तिने हातातली ताटली खाली ठेवली. “हा कसला अभ्यास?”

“शर्यतींचा मोसम सुरू व्हायच्या आधी डॉक्टरीणबाई पोरांची परीक्षा घेतात,” बाप म्हणाला. “शब्द सांगायचे, आकडे उलटे म्हणायचे, एका पायावर उभं राहायचं. ते गुण त्यांच्याकडे राहतात. पुढे कुठे गाडी आपटली की परत तीच परीक्षा. गुण घसरले, तर डोक्याला मार लागला म्हणतात आणि पोराला घरी बसवतात. आता आधीच कमी पडलेले असले, तर घसरणार कुठून?”

“म्हणजे मार लागला तरी कळू नये म्हणून?”

“सगळेच करतात गं.”

सगळेच करतात. कुठलीही दुष्ट चाल खणून पाहा, तळाशी हे दोन शब्द सापडतील. एकाने करायचं, दुसऱ्याने मागे पडू नये म्हणून करायचं, आणि एकदा सगळेच करू लागले की कुणाला काही वाटायचं कारणच उरत नाही. हा बाप काही राक्षस नव्हता. पंपदुरुस्तीचं वर्कशॉप चालवणारा, मुलीच्या तापात उशाशी बसून राहणारा, साधा माणूस होता. तिला गाडीत त्यानेच बसवलं होतं, आणि ती चालवायची तेव्हा त्याचे डोळे भरून यायचे. असल्या चाली राक्षसांच्या जोरावर टिकत नाहीत. अशा साध्या, मायाळू माणसांच्या खांद्यांवरच त्या उभ्या असतात.

आईला ते रुचलं नाही. पण मुलगी हसत होती, नवरा हसत होता, आणि रंगाचा बेरंग कुणी करायचा, म्हणून तिने ताटली पुन्हा उचलली.

मोसम सुरू झाला. एका माणसापुरत्या, बिनछपराच्या, चाकं उघडी असलेल्या त्या गाड्या. मिसरूड न फुटलेली पोरं त्यांत आडवी होऊन बसायची आणि वाऱ्याशी पैजा लावायची. एक आठवडा सोडून शर्यत. भिंगरीच्या संघाचा कर्ताधर्ता होता मास्तर. गोड बोलायचा, पोरांची पाठ थोपटायचा, आणि कुठल्या पोराला कशाची भीती वाटते हे पक्कं ओळखून असायचा. संघात दुसरा होता उंच्या, सतरा वर्षांचा, इतका लांबलचक की गाडीत त्याला घडी घालून बसवावं लागायचं. त्याची आई केस कापण्याचं दुकान चालवायची. शर्यत चालू असताना दोघी आया तंबूच्या सावलीत घडीच्या खुर्च्यांवर बसायच्या, एकाच थर्मासातला चहा प्यायच्या आणि ट्रॅककडे बघायचं टाळायच्या.

चौथ्या शर्यतीत भिंगरी दुसऱ्या नंबरावर होती. पुढच्या गाडीच्या चाकावर तिचं चाक चढलं, गाडी हवेत उलटली आणि टायरांच्या भिंतीवर जाऊन आदळली. ती आपल्या पायांनी बाहेर आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरीणबाईंनी परीक्षा घेतली. भिंगरीने पाच शब्द सांगितले. मोसमाआधी चारच सांगितले होते.

“मार लागून हुशार झाली की पोरगी,” मास्तर म्हणाला, आणि तंबूत हशा पिकला.

घरी परतताना भिंगरीने विचारलं, “बाबा, मी कितवी आले?”

“अगं, गाडी आपटली ना. शर्यत पुरी कुठे झाली?”

“हं,” ती म्हणाली. थोडा रस्ता गेला. “बाबा, मी कितवी आले?”

तिसऱ्यांदा तिने तेच विचारलं, तेव्हा आईने मागे वळून तिच्याकडे पाहिलं. बाप समोर बघत गाडी चालवत राहिला. “दमलीये ती,” तो म्हणाला.

मग घरात पडदे ओढले जाऊ लागले. भिंगरीला उजेड सोसेना. भांड्याचा आवाज झाला की ती कानांवर हात दाबून धरायची. पेल्यात दूध ओतायला गेली की धार पेल्याशेजारी पडायची, आणि ती त्या सांडलेल्या दुधाकडे खुळ्यासारखी बघत बसायची. वाचताना ओळी हलतात म्हणाली. बापाने ते ऐकलं आणि तिला गडद चष्मा आणून दिला.

एका दुपारी आई तिचे केस विंचरत होती. भिंगरी हळूच म्हणाली, “आई, सरावाला गेले ना, तर वळणावर मला दोन रस्ते दिसतात.”

“मग तू काय करतेस?”

“डावीकडचा धरते. बहुतेक तोच खरा असतो.”

आईच्या हातातली फणी केसांतच राहिली. बहुतेक. जिच्या गाडीचा वेग तिला बघवत नसे, ती पोर अंदाजाने रस्ता निवडत होती.

संध्याकाळी नवरा-बायकोची जुंपली.

“अहो, तिला दोन-दोन दिसतंय.”

“मलाही माहीत आहे. कमी होतंय हळूहळू. दोन शर्यती काढल्या की मोठ्या वर्गात जागा मिळते तिला. आत्ता थांबवलं तर संपलं सगळं.”

“आणि डोकं संपलं तर?”

“तिलाच विचार ना. तिला थांबायचंय का?”

यालाच तो मुलीचं मन राखणं म्हणत होता. पंधरा वर्षांच्या पोरीच्या हातात काडेपेटी द्यायची, आणि आग लागली की म्हणायचं, तिनेच मागितली होती.

पुढच्या शर्यतीच्या सकाळी आईने मास्तरला गाठलं. त्याने तिला तंबूच्या मागे नेलं. “वहिनी, असं चारचौघांत बोलू नका. डोक्याचा शिक्का एकदा बसला की पोरीला कुठलाच संघ दारात उभा करणार नाही. झाकली मूठ बरी असते.”

ती खुर्चीवर येऊन बसली. उंच्याच्या आईने चहा ओतला आणि तिच्याकडे न बघता म्हणाली, “माझ्या पोराचंही डोकं गेल्या शर्यतीत आपटलं. तेव्हापासून मळमळतंय त्याला. सकाळी उठला की भिंत धरून चालतो. मास्तर म्हणाले, वयात असं होतं.”

“तुम्हाला पटलं?”

“नाही. पण तो पाया पडला माझ्या. म्हणाला, आई, बोलू नकोस.”

दोघींनी चहा संपवला. शर्यत सुरू झाली.

उंच्याचा अपघात बघण्यासारखासुद्धा नव्हता. सगळ्यांत संथ वळणावर त्याची गाडी गर्रकन फिरली आणि मागच्या अंगाने टायरांना टेकली. गाडीचा टवकाही उडाला नाही. कुणीतरी म्हणालं, “आज झोपेतून उठून आलाय वाटतं.” पण उंच्या बाहेर येईना. माणसं धावली. त्याला गाडीतून काढलं तेव्हा त्याचे लांब हात दोन्ही बाजूंनी लोंबत होते. त्याची आई थर्मास टाकून पळत सुटली. एक चप्पल वाटेतच राहिली.

शर्यत थांबवली. पुन्हा सुरू करायची असं ठरलं. मास्तर तंबूत आला, टाळी वाजवली. “श्वास चालू आहे त्याचा. काळजी करू नका. चला, हेल्मेट चढवा.”

भिंगरीने हेल्मेट चढवलं. हनुवटीखालचा पट्टा धरायला हात नेला, तर बोटं पट्ट्याच्या बाजूलाच हवेत चाचपडत राहिली. एकदा, दोनदा. बापाने पुढे होऊन पट्टा लावून दिला.

तो पट्टा लावणारा हात आईने पाहिला आणि तिच्या अंगात काहीतरी पेटलं. ती थेट ट्रॅकवरच्या दवाखान्याच्या खोलीत घुसली. दारावरच्या माणसाने अडवलं, त्याला तिने ढकललं. आत उंच्या निजवलेला होता, त्याची आई भिंतीला टेकून उभी होती.

“बाई, या मुलाला गेल्या शर्यतीतच मार लागलाय,” भिंगरीची आई डॉक्टरीणबाईंना म्हणाली. “तेव्हापासून भिंत धरून चालतो. आणि माझ्या मुलीला दोन-दोन दिसतंय. तुमच्या परीक्षेत ही पोरं मुद्दाम चुकली होती. सगळी.”

डॉक्टरीणबाईंचा चेहरा पांढरा पडला. “आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय?”

“हो, आत्ता सांगतेय. शिव्या नंतर द्या. आधी माझ्या मुलीला गाडीतून उतरवा.”

भिंगरीला उतरवलं. सगळ्या ट्रॅकसमोर, रांगेत उभ्या असलेल्या गाडीतून. बाप तरातरा चालत आला. “स्वतःच्या पोरीचं वाटोळं केलंस,” तो म्हणाला. भिंगरी हेल्मेट काढायला तयार नव्हती. काचेच्या आत ती रडत होती. त्या दिवसापासून ती आईशी बोलेनाशी झाली.

उंच्या जगला. लोक म्हणाले, नशीब. या नशिबाला जवळून पाहायचं असेल तर केस कापण्याच्या त्या दुकानात जावं. कोपऱ्यातल्या खुर्चीत तो बसलेला असतो. डावा हात मांडीवर निपचित. समोर आई दिसते, तिला हाक मारायची असते, पण तो शब्दच त्याला सापडत नाही. मग तो म्हणतो, “ती... केस कापते ती.” आणि ती कात्री ठेवून त्याच्याकडे येते.

महिन्याभराने शर्यती भरवणाऱ्या संघटनेने सगळ्या आईबापांची बैठक बोलावली. मोठा हॉल, पाण्याच्या बाटल्या, मंचावर फुलं. अध्यक्ष म्हणाले, झाली ती दुर्दैवी घटना. सुरक्षेला संघटना नेहमीच अग्रक्रम देते. मात्र वैद्यकीय परीक्षेत लबाडी केल्याचं एका खेळाडूच्या आईने स्वतःच कबूल केल्यामुळे त्या खेळाडूचा परवाना दोन वर्षांसाठी रद्द करण्यात येत आहे. एकाच खेळाडूचा. बाकी सगळी पोरं जणू गंगेत न्हालेली. मास्तर पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसला होता.

तेव्हा उंच्याची आई उभी राहिली. “मला एवढंच बघायचंय,” ती म्हणाली. “ज्यांनी ज्यांनी आपल्या पोराला चुकायला शिकवलं, त्यांनी उभं राहावं. मीही शिकवलं होतं. मी उभी आहे.”

खुर्च्या कुरकुरल्या. कुणी घसा खाकरला, कुणी फोन काढला. पोरांच्या शाळेतल्या बक्षिसांची छायाचित्रं गावभर वाटणारे ते सगळे आईबाप आपापल्या बुटांकडे बघत राहिले. भिंगरीचा बापही. त्याने खुर्चीचे हात घट्ट धरले, पण उठला नाही.

भिंगरी उठली. “मला दहाही शब्द येत होते,” ती म्हणाली. “बाबांनी चार सांगायला शिकवलं. मास्तरांनी सगळ्यांनाच सांगितलं होतं. आता मला खरंच चारच येतात.”

मागच्या रांगेत, यंदाच शर्यतीत उतरलेला, जाड भिंगांचा चष्मा लावणारा एक मुलगा अर्धवट उठला. त्याच्या शेजारी बसलेल्या बापाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि, मायेनेच, त्याला खाली दाबलं. मुलगा बसला. अध्यक्षांनी आभार मानले, आणि लोक चहाकडे वळले.

इतर कुणी ते पाहिलं की नाही, कोण जाणे. भिंगरीच्या आईने पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने कचेरीतून रजा घेतली. दारात चपला घालत असताना भिंगरी तिच्या मागे येऊन उभी राहिली. कित्येक आठवड्यांनी ती आईशी बोलली. “कुठे चाललीस?”

“त्या चष्मेवाल्याच्या घरी.”

“ते दार उघडणार नाहीत.”

“मग उघडेपर्यंत उभी राहीन. आणि तिथून पुढच्या घरी जाईन.”

भिंगरीने आपला गडद चष्मा शोधला, तो लावला आणि आईचा हात धरला. रस्त्यावरच्या उजेडात तिला अजून नीट चालता येत नव्हतं. दोघी हळूहळू गेल्या.

दार उघडलं ते मुलाच्या बापाने. अंगात कामावर जायचा सदरा, चेहऱ्यावर आठ्या. त्याच्या पाठीमागे खोलीचे पडदे भर सकाळी ओढलेले होते.

“काय पाहिजे?”

“काही नको,” आई म्हणाली. “एवढंच सांगा. त्याचं डोकं कधीपासून दुखतंय?”