खिशातला हात

आमच्या लॅबमध्ये हॅन्रहान मास्तरांचा एकच धर्म. बोर्डात वीज चालू असली की एक हात पँटच्या मागच्या खिशात! दोन्ही हात लागले तर करंट एका हातातून शिरून छातीतून दुसरीकडे जातो आणि खेळ खलास. मी विसरले की मास्तर "रूथॅन, हात!" असं ओरडायचे, की अख्खं टोलेडो शहर दचकावं. मी काचेच्या कारखान्यात उभा जन्म काढलेली बाई. कारखाना बंद पडला म्हणून या वयात इलेक्ट्रॉनिक्स शिकायला कॉलेजात आले. मला ओरडलेलं मुळीच खपत नाही.

माझा पार्टनर डेल्बर्ट मात्र कधीच ओरडा खायचा नाही. तो आमच्याच कारखान्यातला, भट्टीवरचा. त्याचा डावा हात कायम खिशात, अगदी वीज बंद असली तरी. मास्तर सगळ्यांना त्याचं उदाहरण द्यायचे आणि माझं डोकं उठायचं. कारण सोल्डरिंगची वेळ आली की हा बाबा म्हणणार, "तूच कर गं, तुझा हात सफाईदार." सोल्डरिंगला, म्हणजे धातूची तार वितळवून जोड द्यायला, दोन्ही हात लागतात, एकात तापलेलं आयर्न, दुसऱ्यात सोल्डरची तार. म्हणजे राबायचं मी आणि हा खिशात हात घालून साहेबासारखा उभा.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा मी भडकलेच. "परीक्षेत कोण करणार तुझं सोल्डरिंग? काढ तो हात बाहेर! खिशात अंडी उबवतोयस का?"

लॅबमध्ये आम्ही दोघंच होतो. त्याने दाराकडे एकदा पाहिलं, हात बाहेर काढला आणि तार उचलली. हात असा थरथरायला लागला की तार बोर्डाला लागेचना.

"भट्टीवर खपून गेलं," तो म्हणाला. "जाड हातमोज्यात कोणाला दिसतंय?"

"अरे, मग मास्तरांना सांग ना. कॉलेज सवलत देतं."

"आणि पाणीपुरवठ्याच्या लोकांना कळलं म्हणजे?" तिथे दुरुस्ती विभागात त्याला घेणार होते, ही परीक्षा पास झाला तर. "ती नोकरी गेली तर या वयात मला दारात तरी कोण उभं करणार, रूथॅन?"

मला इतकं वाईट वाटलं की मी त्याच्यावर आणखीच खेकसले. "रडगाणं पुरे. हात टेबलावर ठेव."

टेबलावर टेकवला की हात शांत. उचलला की पुन्हा थरथर.

"मग उचलतोस कशाला, मेल्या?"

प्रत्येक टेबलावर बोर्ड धरायला चिमट्याचं स्टँड असतं. आम्ही त्यात बोर्डाऐवजी तारच अडकवली. बोर्ड खाली सपाट ठेवला आणि त्याच्या काठावर डेल्बर्टने डावा हात दाबला. आता बोर्ड सरकवत एकेक जोड तारेखाली आणायचा आणि उजव्या हाताने आयर्न टेकवायचं. उजवा हात त्याचा पक्का होता. तरी पहिल्या दिवशी नुसते सोल्डरचे गोळेच गोळे! मग रोज दुपारी मी ट्यूना सँडविच खात ओरडायचे आणि तो गुपचूप करायचा.

परीक्षेत विजेचा एक छोटा बोर्ड बांधून लाल दिवा लावून दाखवायचा होता. डेल्बर्टने सगळ्यांदेखत हात बाहेर काढला. तो खिशापासून टेबलापर्यंत कापत गेला. शेजारची पोरगी च्युइंगगम चघळायची थांबली. मास्तर त्याच्यामागे येऊन उभे राहिले.

"टेबलावरचं सामान वापरलेलं चालतं ना?" डेल्बर्टने मान वर न करता विचारलं.

"चालतं." मास्तरांनी भिंग काढून एकेक जोड पाहिला. मग त्या हाताकडे पाहिलं. "आयर्न इतका वेळ टेकवू नकोस," एवढंच म्हणाले.

शेवटचा जोड झाला. डेल्बर्टने वायर जोडली आणि उजवा हात बटणाकडे नेला. डावा अजून बोर्डावरच!

"डेल्बर्ट, हात!"

खिडक्या हादरल्या. त्याने चटका बसल्यासारखा हात उचलला, खिशात कोंबला आणि मग बटण दाबलं. लाल दिवा लागला.

"पास," मास्तर म्हणाले. "पण ‘ए’ऐवजी ‘बी’ ग्रेड. हाताचा नियम मोडलास."

डेल्बर्ट माझ्याकडे वळून हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "ऐकलंस, रूथॅन? मला ओरडले!"

मी खिडकीकडे तोंड करून नाक पुसलं.

नंतर आम्ही कँटीनमध्ये गेलो. त्याने कॉफीचा कप चक्क डाव्या हाताने उचलला आणि निम्मी कॉफी माझ्या बाहीवर सांडली. मी त्याला सगळ्यांसमोर चांगलंच झापलं. त्याने कप तसाच धरून उरलेली कॉफी सावकाश संपवली.