मी पडलो नाही, मला काढलं

मी दात बोलतोय. वरच्या ओळीतला, समोरचा, डावीकडचा. माझ्या कडेला एक बारीक खाच आहे, तीच माझी ओळख. 'दात पडला' असं माझ्याबद्दल कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी पडलेलो नाही. मला काढलंय, आणि तेही माझ्या मर्जीने. आता सगळं ऐकाच.

मालकीण सात वर्षांची असताना मी उगवलो. दुधाचा दात पडून दोन महिने झाले तरी माझा पत्ता नव्हता, म्हणून त्या फटीवरून सगळे तिला चिडवायचे. शेवटी आलो तो जरा तिरकाच. स्वभावही तसाच राहिला.

मोठी होऊन मालकीण शिवणकामाला लागली. एक लांबट खोली, चार मशिनी, मध्ये कापड बेतायचं टेबल, खिडकीशी इस्त्री. कात्री होती, पण ती कायम दुसरीच्या हातात. मग शिलाई संपली की मालकीण कापड तोंडाशी न्यायची आणि दोरा मी तोडायचो. टाचण्याही माझ्याच ताब्यात. चार-चार टाचण्या दातांत धरून ती गिऱ्हाइकाशी बोलायची आणि गिऱ्हाइकाला ते कळायचंसुद्धा. तीस वर्षं मी हे केलं, खाच त्यानेच पडली. सवय वाईट होती, मान्य आहे. पण मला तिचा गर्व होता.

सत्तेचाळिसाव्या वर्षी मालकिणीची पाळी थांबली. 'सुटले बाई एकदाची,' म्हणून तिने हुश्श केलं. आत काय चाललं होतं ते तिला कुठे दिसत होतं? मी तिथेच राहत होतो, मला सगळं कळत होतं. तोंड कोरडं पडायला लागलं. ब्रश फिरवला की हिरड्यांतून रक्त यायचं, आणि ती चूळ भरून मोकळी व्हायची. ज्या हाडात मी पाय रोवून उभा होतो, ते दरवर्षी थोडंथोडं खाली जात होतं.

मग एकदा ती पायपुसण्यावरून घसरली. पडली म्हणावी इतकीही पडली नाही, नुसता हात टेकला, तर मनगट मोडलं. प्लास्टर घातलं, प्लास्टर निघालं. एवढ्याशाने हाड मोडतंच कसं, हे कोणी विचारलं नाही.

विचारणार कशाला? घरात उत्तर तयार होतं. तिच्या थोरल्या बहिणीचे पन्नाशीत सगळे दात गेले होते, त्यांच्या आईचेही तसेच. 'आपल्याकडे पन्नाशीला दात जातातच,' हे थोरली असं सांगायची की जणू घराण्याला मिळालेला मान आहे. त्यामुळे मी हलायला लागलो तेव्हा मालकीण घाबरली नाही. आपला नंबर आला, एवढंच म्हणाली.

पुढे तिने जे केलं ते शिवणारी बाईच करू जाणे. दुपारी बाकीच्या जेवायला गेल्यावर तिने बटणं लावायचा जाड दोरा घेतला, दुपदरी केला, त्याला मेण लावलं, माझ्या कमरेला फास आवळला आणि दुसरं टोक मशिनच्या चाकाला बांधलं. चाक फिरवलं की मी बाहेर, असा बेत. मीही इरेला पेटलो. ज्या दोऱ्याला जन्मभर तोडलं, त्याच्या हातून मरू? चाक फिरलं, मालकिणीच्या डोळ्यांतून पाणी आलं, दोरा सटकला, मी जागेवर. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा हिरडी फाटली आणि मांडीवरच्या पांढऱ्या सदऱ्यावर रक्त सांडलं.

संध्याकाळी लेक कामावरून आली तर आईचा ओठ सुजून टम्म. दोऱ्याची हकिगत ऐकून ती आधी हसली, मग भयंकर चिडली. तो दात आहे, बटण नव्हे, असं तिने आईला सुनावलं आणि दुसऱ्याच दिवशी दातांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर बाई होत्या, मालकिणीच्याच वयाच्या. खाच बघून म्हणाल्या, शिवणकाम करता ना. मला त्या तिथेच आवडल्या. त्यांनी दातांचा फोटो काढला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, "पाळी कधी बंद झाली?"

मालकिणीची दातखीळच बसली. आलो दाताला आणि ही बाई भलतंच काय विचारतेय? शेवटी लेकीने सांगितलं, पाच वर्षं झाली. मनगटाचंही सांगितलं.

"दात नुसता वयाने हलत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "हिरड्यांना आजार आहे, तो मी बघते. पण जबड्याचं हाडही विरळ दिसतंय. पाळी थांबली की हाडं भराभर झिजतात. फोटोवरून मी ठरवणार नाही, हाडांची तपासणी करून घ्या."

मालकीण म्हणाली, तपासणी कशाला, एवढा काढून टाका, बाकीचे जातील तसे जातील. तेव्हा डॉक्टरांनी आणखी एकच विचारलं, घरात कोणाचा खुबा मोडलाय का. मोडला होता की, थोरलीचा. थोरली गेल्या वर्षी खुर्चीवरून उठताना पडली होती. तेव्हापासून खाटेपासून दारापर्यंत जायलाही तिला कोणाचा तरी खांदा लागतो. आधी दात, मग खुबा. दोन्ही एकाच दुखण्याची अंगं असतील हे त्या घरात कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मालकीण तपासणीला गेली. हाडं ठिसूळ निघाली, वयाच्या मानाने फारच.

महिनाभर हिरड्यांची सफाई झाली. मला बारीक तारेने शेजाऱ्यांना बांधलं. रक्त थांबलं, बाकीचे दात सावरले, मी मात्र डुगडुगतच राहिलो. माझ्याभोवती हाडच उरलं नव्हतं. तेवढ्यात हाडांच्या डॉक्टरांनी औषध सुरू करायचं ठरवलं. आमच्या डॉक्टर म्हणाल्या, जो दात टिकणार नाही तो आधी काढू, कारण हे औषध सुरू झाल्यावर काढला तर क्वचित जबड्याची जखम भरत नाही. जखम भरली की लगेच औषध.

आणि मालकीण अडून बसली. दोरा बांधून मला उपटायला निघालेली हीच बाई, आता माझ्यासाठी रडायला लागली. समोरचाच दात, लोकांत हसायचं कसं? राहू दे ना थोडे दिवस, औषध नंतर घेते.

मी विचार केला. मी राहिलो तर औषध लांबणार. औषध लांबलं आणि त्या मधल्या दिवसांत ती पडली तर? एका दातापायी खुबा? मी हट्टी आहे, मूर्ख नाही. थोरलीची खाट तिलाही आठवली असावी. मालकिणीने आरशात मला एकदा नीट पाहिलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "काढा."

मी पकड सोडली. डॉक्टर म्हणाल्या, किती सहज आला. सहज कुठला, मला फार वाईट वाटलं. तिच्या तोंडाची ऊब मी पंचेचाळीस वर्षं घेतली होती.

आता मी तिच्या मशिनशेजारी एका डबीत कापसावर असतो. औषध सुरू होऊन सहा महिने झाले. माझ्या जागी नकली दात आहे. दिसायला बरा आहे, स्वभाव अजून कळलेला नाही. मालकीण रोज चालायला जाते. थोरलीचीही तपासणी तिने भांडून करवून घेतली. माझे शेजारी घट्ट आहेत, आणि मला त्यांचा हेवा वाटत नाही. बायांनो, तुमच्या तोंडातले माझे भाऊबंद उगीच हलत नाहीत. त्यांचं म्हणणं ऐका, हात जोडतो.

परवा खिडकीजवळच्या मशिनवरची बाई गाल धरून बसली होती. दाढ हलतेय, पण चालायचंच, वय झालं, असं म्हणत होती. मालकिणीने डबी उघडून मला तिच्या तळहातावर ठेवलं.

"ह्याच्या मुळाशी रक्त यायचं तेव्हा मी चार वर्षं गप्प बसले. तू किती दिवस बसणार आहेस?"

त्या बाईने माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, उद्या जाईन.

"उद्या नाही," मालकीण म्हणाली. "मशीन बंद कर. चपला घाल."