बाविसावा बाण

माझी ताई पर्यटकांना डोंगरावर नेणारी संस्था चालवते आणि मी तिच्याकडे वाटाड्या आहे. खरं तर मी चित्रकार. पण माझी चित्रं घरात भिंतीकडे तोंड करून उभी असतात, म्हणून पोटापाण्यासाठी वाटाड्या. गेल्या हंगामात एका सुळक्याचं चित्र काढण्यापायी मी पाहुण्यांना पाऊण तास दोरावर ताटकळत ठेवलं, तेव्हा ताईने बजावलं होतं, "आणखी एक तक्रार आली की दोर जमा कर आणि घरी बसून रंगव." मला दोन्ही हवं होतं. डोंगर सुटला तर मी रंगवणार काय, हिचं डोकं?

हंगामाच्या सुरुवातीला वाटेवरच्या खडकांवरचे बाण पुन्हा रंगवावे लागतात. ते काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. एकवीस बाण सरळ झाले. बाविसावा खिंडीपाशी, उजवीकडे दाखवणारा. आणि उजवीकडे आधीच कडा, झाड, सावली, सगळी दाटी. डावीकडे एक बुटका दगड आणि वर नुसतं आकाश. कुठल्याही डोळस माणसाने तो डावीकडेच काढला असता. मी काढला.

दुसऱ्याच दिवशी दाट धुकं पडलं. धुक्यात आठवणीवर नाही, बाणावर चालायचं, हा नियम ताईचाच. तिने तो इमानेइतबारे पाळला आणि नऊ पाहुण्यांसह थेट मेंढ्यांच्या कोंडवाड्यात जाऊन पोहोचली.

धुकं निवळल्यावर तिने मला त्या खडकापुढे उभं केलं. मी टर्पेंटाइनने बाण पुसला, उजवीकडे दाखवणारा नवा रंगवला आणि खांद्यावरचा दोर उतरवून तिच्या हातात दिला. रडू येत होतं.

ताई चार पावलं मागे सरकली आणि मान तिरकी करून बघत राहिली. घरातल्या कुणी माझ्या चित्राकडे इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं.

"सगळं उजवीकडे कोसळतंय रे," ती म्हणाली.

"मग मी काय वेडा होतो?"

"त्या डाव्या दगडावर मोठी फुली मार. चित्रही सावरेल आणि माणसंही तिकडे जाणार नाहीत."

हे मला सुचायला हवं होतं. मी चरफडत फुली मारली.

"जाड कर."

"कलेत लुडबुड नको."

तिने दोर माझ्या गळ्यात अडकवला, "उद्या सातला गट आहे" म्हणाली, ब्रश हिसकावून फुली जाड केली आणि खाली कोपऱ्यात स्वतःची सही ठोकली.