हेडच्या बोल्टाला गुटख्याची पुडी

भागवत मिस्त्रीचं गॅरेज मुरुममधी. सकाळी सकाळी महालिंगप्पा जुनी डिझेल गाडी घिऊन आले, इंजन नुसतं फुसफुस करतंय. धोंड्याचा महिना, जावई जेवायला आलेला, त्याला ही गाडी भेट द्यायची. दुपारी जेवण झालं की लेक अक्षदा, जावई आन् चार महिन्याचं बाळ ह्याच गाडीतनं तुळजापूरला निघणार.

"बोल्ट आवळ आन् आवाज बंद कर," अप्पा म्हणले. "बाकी गाडी एक नंबर हाय."

भागवतनं तेलाचं झाकण उघडलं, तर आतनं पिवळा चिकट फेस, नासक्या सायीवानी. म्हंजे पाणी तेलात उतरलेलं. मग इंजनाचं हेड ज्यावर आवळलेलं असतं त्या बोल्टाला पाना लावला, तर बोल्ट गरागरा फिरतोय. पाना ठिवला, बोटानं फिरवला, तरी फिरतोय. वर उपसला, तर आट्यांवर गुंडाळलेली गुटख्याची पुडी! काळी, जळकी, तेलात भिजलेली. दुसऱ्यालाबी पुडी. तिसऱ्याला सायकलच्या ट्यूबची चिंधी.

"अप्पा, हे कुण्या हलकटानं केलं?"

"म्याच की. आटे गेलते. दोन वर्षं चालली का न्हाय?" असं म्हणून अप्पांनी खिशातली पुडी फोडली, तोंडात रिकामी केली आन् ओली पुडी भागवतच्या म्होरं धरली. "घे, नवी लाव."

भागवतनं हात मागं घेतला. "नवे आटे पाडावे लागतील, सोलापूरला, लेथवर. न्हायतर नळदुर्गच्या आधीच इंजन उकळून बंद पडंल. भर उन्हात बाळाला घिऊन बसतील का त्येनी?"

"घेतील कुणाची तरी जीप बोलवून. एकदा दिली की गाडी त्यांची, दुखणं त्यांचं."

भागवतनं तिन्ही बोल्ट पुड्यांसकट बॉनेटवर मांडले, फोटो काढला, अक्षदाला धाडला आन् लगेच फोन लावला. "ताई, हे तुमच्या गाडीतनं निघालंय. तुमी एसटीनं जावा."

स्पीकरवर अक्षदाचा आवाज आला, "अप्पा हायत का तिथं?"

"हायत."

"अप्पा, तुमचा नातू बसणार होता की वो त्यात."

अप्पा गॅरेजच्या भिंतीवर थुंकले. भागवतनं फोन ठिवला आन् नळाखाली हात धरला. दोनदा साबण लावला, माती घासली, तरी बोटाचा वास जाईना.